जिवाचे मोल, लशीची किंमत

हिशेब आणि प्रेम ह्या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, अशी आपली जुनी समजूत आहे. आई लेकराला भरवताना घास मोजीत नाही आणि खरा दाता उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू देत नाही. त्यामुळे ‘गरीब देशांतील मुलांना अमुक एक लस देणे परवडते का?’ असा प्रश्न कुणी कागदावर मांडला, की श्रद्धावंत मनाला तो ऐकवत नाही. मुलांच्या प्राणांचा कसला आला आहे जमाखर्च, असेच आपण म्हणतो. परंतु शुभवर्तमान उघडून पाहिले तर प्रभू येशूने हिशेबाला सरसकट त्याज्य ठरवलेले नाही, असे दिसते. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी स्वस्थ बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे तो आपल्या अनुयायांना दाखल्याने शिकवतो. त्याच शुभवर्तमानात असेही दोन हिशेब आहेत, की जे वाचताना मन शहारते. एक बेथानीच्या भोजनप्रसंगी यहूदाने मांडलेला : उंची सुगंधी तेल विकले असते तर तीनशे दिनार गरिबांच्या कामी आले असते. दुसरा प्रमुख याजक कयफाचा : सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एकट्या माणसाचा अंत झालेला सोयीचा. पहिला हिशेब गरिबांच्या नावाने केलेला, दुसरा बहुजनांच्या हिताच्या नावाने. अंकगणित म्हणून दोन्ही बिनचूक. तरीही दोन्ही पापाच्या वाटेवरचे.

मग हिशेब केव्हा कर्तव्य ठरतो आणि केव्हा अपराध? ह्या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या खऱ्या प्रकरणाच्या आधारे केलेला बरा. त्यासाठी आफ्रिका खंडातील मेंदूज्वराच्या लशीचे उदाहरण मी घेतो. ते दूरदेशीचे आहे. पण त्याचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या हडपसरपर्यंत येऊन पोहोचतो.

धुळीच्या वाऱ्यांचा पट्टा

मेंदूज्वर हा शब्द आपल्याकडे अनेक आजारांसाठी ढोबळपणे वापरला जातो. येथे अभिप्रेत आहे तो मेनिंजायटिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला येणारी सूज. ती अनेक जंतूंमुळे येते; त्यांपैकी मेनिंगोकॉकस ह्या जंतूमुळे येणारी साथ सर्वांत भयंकर. हा जंतू निरोगी माणसांच्या घशातही गुपचूप राहतो, खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याकडे जातो आणि क्वचित कुणाच्या रक्तात शिरून थैमान घालतो. ताप, ताठलेली मान, उजेड न सोसवणे, ग्लानी. आणि कित्येकदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मृत्यू. वेळेवर औषध मिळूनही दहातला एक रुग्ण दगावतो. जे वाचतात त्यांतील दहा ते वीस टक्के रुग्णांना बहिरेपण, फेफरे, मतिमंदत्व असे काहीतरी आयुष्यभर सोबत घेऊन घरी परतावे लागते.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या इथियोपियापर्यंत, ह्या रोगाचा एक पट्टाच आहे. १९६३ साली लापेसोनी ह्या फ्रेंच डॉक्टरांनी तो प्रथम नकाशावर आखून दाखवला. डिसेंबर ते जून हा तेथला कोरडा काळ. हरमॅटन नावाचे धुळीचे वारे वाहू लागले, की घसे कोरडे पडतात आणि साथीला वाट मिळते, असे मानले जाते. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की साथ ओसरते. १९९६ व १९९७ ह्या दोन वर्षांत तर अडीच लाखांहून अधिक लोकांना हा आजार झाला आणि सुमारे पंचवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. नोंद झाले ते एवढे. ज्या गावांपर्यंत नोंदवहीच पोहोचली नाही त्यांचे काय, हे परमेश्वरालाच ठाऊक.

त्या काळी लस नव्हती असे नाही. होती, पण ती जंतूभोवतीच्या साखरेसारख्या कवचापासून बनवलेली, जुन्या पद्धतीची होती. तिचे संरक्षण दोन-तीन वर्षे टिके, दोन वर्षांखालील बाळांना तिचा फारसा उपयोग नसे, आणि घशात दडून बसलेल्या जंतूला ती हुसकावीत नसे. म्हणून साथ एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की मगच लशी मागवायच्या, वाहनांत भरायच्या आणि धावत सुटायचे, असा रिवाज पडला होता. लस गावात पोहोचेपर्यंत बहुधा साथच तिच्या पुढे निघून गेलेली असे.

बुर्किना फासो ह्या देशातील २००६-०७ च्या साथीचा अभ्यास झाला आहे. ज्या घरात हा आजार शिरला त्या घराला सरासरी नव्वद डॉलर खर्च आला. तेथील दरडोई वार्षिक उत्पन्नाचा तो एकतृतीयांशाहून थोडा अधिक भाग होता. मूल वाचले पण अपंग झाले, तर आणखी दीडशे डॉलरांपर्यंत भर. औषध सरकारी खर्चाने मिळूनही हा भार पडला. बकरी विकली, बियाण्याचे धान्य विकले, मोठ्या मुलीची शाळा सुटली, ह्या गोष्टी अशा आकड्यांच्या पोटात असतात. हिशेब समोर ठेवूनच बोलायचे, तर लस न देणे हेसुद्धा फुकट नसते. त्याची किंमत कुणीतरी भरतच असतो. फक्त ती सरकारी वहीत न उतरता झोपडीत भरली जाते.

मोजावे की मोजू नये?

येथे पहिला आक्षेप पुढे येतो. माणसाचा प्राण परमेश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झालेला. त्याचे मोल अगणित. जे अगणित त्याची तुलना पैशाशी कशी करायची? हा आक्षेप सत्य आहे, पण अपुरा आहे. प्राण अगणित मोलाचा असला, तरी तिजोरीतील नाणी मोजकीच असतात. नायजर किंवा माली ह्यांसारख्या देशात एका रोगाच्या लशीवर खर्चलेला पैसा हिवतापाच्या मच्छरदाणीवर, गोवराच्या लशीवर, बाळंतिणीच्या रक्तस्रावावर खर्चता येत नाही. एका बाजूला प्राण आणि दुसऱ्या बाजूला पैसा, असा हा तराजूच नव्हे. दोन्ही पारड्यांत माणसेच बसलेली असतात. एका पारड्यातील माणसे आपल्याला दिसतात, दुसऱ्यातील दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

ज्यांनी धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठका पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. पेटीत असते किती, ते सर्वांना माहीत असते. एका घरी कर्त्या पुरुषाचे डायलिसिस चालू असते, आणि दुसऱ्या बाजूला जून महिना तोंडावर येऊन दहा मुलांच्या वह्या-पुस्तकांची निकड असते. ‘सगळ्यांना देऊ’ असे म्हणणारा सदस्य मनाने मोठा असतो. पण निर्णय घेण्याचे ओझे तो दुसऱ्याच्या खांद्यावर टाकीत असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला नैतिक सद्‌गुणांत अग्रस्थान दिले, ते उगीच नव्हे. सदिच्छा विवेकावाचून आंधळी असते. तेव्हा मोजावे, आणि काटेकोर मोजावे. गरिबांचा पैसा न मोजता खर्चणे हीदेखील गरिबांची एक प्रकारे लूटच होय.

आणि प्रामाणिक मोजणीचे उत्तर प्रत्येक वेळी ‘होय’ असेच येईल असेही नाही. आपल्या भारतात ह्या जंतूची लस सार्वत्रिक शासकीय कार्यक्रमात नाही; हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसारख्या ठरावीक लोकांना ती दिली जाते. आपल्याकडे ह्या रोगाच्या साथी आफ्रिकेसारख्या वारंवार येत नाहीत. जेथे रोग विरळ आहे आणि इतर रोग दाराशी उभे आहेत, तेथे ‘आत्ता नको’ हे उत्तर निर्दयपणाचे नसते. तेच उत्तर कानो किंवा वागाडूगू येथील आईला देणे मात्र वेगळे. हिशेबाला स्थळकाळ असतो.

हिशेब कोठे चुकतो?

मोजणे कर्तव्य असेल, तर मग यहूदाचे आणि कयफाचे काय चुकले? त्यांची बेरीज चुकली नव्हती. वही चुकली होती. कोणाच्या बाजूने मांडायचे आणि कोणाला वगळायचे, हे त्यांनी आकडे लिहिण्याआधीच ठरवून टाकले होते. आजच्या आरोग्याच्या हिशेबांतही हा दोष निरनिराळ्या रूपांनी शिरतो.

पहिले रूप, माणसाला त्याच्या कमाईवरून जोखण्याचे. एखादा प्राण वाचल्याने देशाच्या उत्पन्नात किती भर पडेल, असे लाभ मोजण्याची एक पद्धत आहे. ह्या मापाने नायजरमधील शेतकऱ्याचे लेकरू पॅरिसमधील लेकराच्या कित्येक पटींनी स्वस्त ठरते. जागतिक बँकेने १९९३ च्या आपल्या अहवालात रोगाने हिरावलेल्या निरोगी आयुष्याची वर्षे मोजण्याचे नवे माप पुढे आणले. ते पैशाच्या मापाहून निश्चितच अधिक मानवी होते, कारण श्रीमंताचे वर्ष आणि गरिबाचे वर्ष त्यात सारखे धरले होते. पण त्यातही आरंभी तान्ह्या बाळाच्या आणि वृद्धाच्या वर्षाला ऐन तारुण्यातील वर्षापेक्षा कमी वजन दिले जाई. पुढे टीका झाली, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या गणनेतून ते वजन काढून टाकण्यात आले. मापे माणसेच बनवतात, आणि माणसांना ती सुधारता येतात, हा त्यातून घ्यायचा धडा.

दुसरे रूप, जे मोजता येत नाही ते शून्य धरण्याचे. बहिऱ्या झालेल्या मुलाला गुरे राखताना हाक ऐकू येत नाही, साप फुत्कारलेला ऐकू येत नाही, आईने अंगाई गायिलेली ऐकू येत नाही. ह्यांतले वहीत काय उतरते? तसेच विश्वासाचे. १९९६ च्या साथीत, नायजेरियातील कानो शहरात, एका बड्या अमेरिकी औषध कंपनीने आपल्या नव्या औषधाची चाचणी सुमारे दोनशे आजारी मुलांवर केली. त्यांतील निम्म्यांना नवे औषध दिले, निम्म्यांना प्रचलित औषध. दोन्ही गटांत मिळून अकरा मुले दगावली. आईबापांची समजून-उमजून संमती घेतली नव्हती, असा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला. खटले वर्षानुवर्षे चालले आणि २००९ साली कानो राज्य सरकारशी कोर्टाबाहेर तडजोड झाली. ते लशीचे प्रकरण नव्हते, औषधाचे होते. पण गावातल्या बाईला सुई ती सुईच. २००३ साली कानोमध्ये पोलिओच्या लशीवर बहिष्कार पडला, तेव्हा त्या बहिष्कारामागच्या संशयात ही जुनी जखमही होती. बहिष्कार सुमारे वर्षभर टिकला आणि तेथला पोलिओ सीमा ओलांडून अनेक देशांत गेला. संमती हा एक कागदी सोपस्कार आहे, तो टाळला तर वेळ वाचतो, असे ज्याला वाटते, त्याने हा खर्चही आपल्या वहीत मांडून पाहावा. गरिबाच्या प्रतिष्ठेची पायमल्ली करून केलेला उपकार शेवटी गरिबालाच महागात पडतो.

तिसरे रूप सर्वांत सूक्ष्म, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. किंमत ही जणू सूर्यचंद्रासारखी ठरलेली वस्तू आहे, असे गृहीत धरण्याचे ते रूप होय. ‘लशीची किंमत इतकी, देशाचे उत्पन्न इतके, सबब परवडत नाही.’ ह्या वाक्यातील ‘इतकी’ कोणी ठरवली, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

पन्नास सेंट

हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा काय घडले ते पाहण्याजोगे आहे. जंतूच्या कवचाला एखाद्या प्रथिनाची जोड दिली, तर शरीर त्या जंतूला दीर्घकाळ लक्षात ठेवते, बाळांनाही संरक्षण मिळते आणि घशातील जंतूही हटतो, हे शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकापासून ठाऊक होते. ब्रिटनमध्ये ‘सी’ गटाच्या जंतूचा उपद्रव वाढला, तेव्हा अशा जोडलशीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९९ साली सुरू झाला. आफ्रिकेत माणसे मरत होती ती मुख्यत्वे ‘ए’ गटाच्या जंतूने. त्या गटाची जोडलस बनवणे अशक्य नव्हते. पण तिचे गिऱ्हाईक गरीब होते. श्रीमंत देशांत तो गट जवळजवळ नव्हताच, आणि म्हणून बड्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. ज्ञान होते, रोग होता, रोगी होते. नव्हता तो केवळ बाजार.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरांच्या देणगीवर एक प्रकल्प उभा केला. डॉ. मार्क लाफोर्स त्याचे संचालक. त्यांनी आरंभीच आफ्रिकी देशांच्या आरोग्याधिकाऱ्यांना विचारले, की तुम्हांला काय परवडेल? उत्तर आले : एका मात्रेला पन्नास सेंटांहून कमी. न परवडणारी लस आणून देणे हे लस नसण्याहून वाईट, असेही त्यांनी बजावले. मग त्या आकड्यापासून उलट्या दिशेने विचार सुरू झाला. अमेरिकेच्या शासकीय प्रयोगशाळेने जोडणीचे तंत्र दिले. कवचाचा कच्चा माल आरंभी ॲमस्टरडॅमहून आला. आणि त्या किमतीत लस बनवून देण्याची तयारी दाखवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली स्थापन केलेली ही कंपनी.

‘मेनआफ्रिव्हॅक’ असे त्या लशीचे नाव. २००९ च्या अखेरीस भारतात तिला परवाना मिळाला, २०१० च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये तिचा शुभारंभ झाला. किंमत पन्नास सेंटांच्या आत. म्हणजे त्या वेळच्या दराने बावीस-तेवीस रुपयांहूनही कमी. एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या एक कोटीहून अधिक लोकांना त्या एका देशात काही दिवसांत ती टोचण्यात आली. पुढे चोवीस देशांत तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. ‘ए’ गटाचे रुग्ण नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटले. २०१७ नंतर त्या गटाचा एकही निश्चित रुग्ण आढळलेला नाही.

ह्या कथेत मला संतचरित्र दिसत नाही, आणि तसे पाहण्याची गरजही नाही. कंपनी ही कंपनी असते. तिला नफा हवा असतो, नावलौकिक हवा असतो, आणि ह्या व्यवहारात तिला मोठे काम व मोठा अनुभव मिळाला. मुद्दा वेगळा आहे. येथे प्रश्नाचा क्रम बदलला. ‘ह्या किमतीला गरीब परवडतात का?’ असे न विचारता ‘गरिबांना परवडेल ती किंमत कशी साधावी?’ असे विचारले गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ ह्या विश्वपत्रात म्हटले आहे, की आजच्या काळात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य हीदेखील जमिनीइतकीच महत्त्वाची मालमत्ता झाली आहे. आणि मालमत्ता कोणत्याही प्रकारची असो, परमेश्वराने सृष्टीतील धन सर्वांसाठी निर्माण केले, ही ख्रिस्तसभेची शिकवण तिला लागू होतेच. जोडलशीचे ज्ञान श्रीमंतांच्या कोठारात असताना गरीब मरत राहिले, त्या वर्षांना केवळ दुर्दैव म्हणून मोकळे होता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. ही लस घेणाऱ्या तरुणाच्या घशातील जंतूच नाहीसा झाल्यामुळे त्याच्या घरातील लस न घेतलेली आजी आणि कडेवरचे बाळही सुरक्षित झाले. लशीत जोड म्हणून धनुर्वाताचे प्रथिन वापरलेले असल्याने धनुर्वाताविरुद्धची शक्तीही वाढली. वीस वर्षांच्या पोराने दंड पुढे केला, तो स्वतःसाठी, आणि नकळत आजीसाठीही. ‘सामायिक हित’ हा शब्द आमच्या सामाजिक शिकवणीत वारंवार येतो आणि वारंवार कोरडा वाटतो. त्याचे इतके नितळ उदाहरण क्वचितच सापडेल.

यशाचे कोडे

येथे लेख संपवता आला असता तर सोपे झाले असते. पण ‘ए’ गटाचे जंतू हटले तरी त्यांचे भाऊबंद होतेच. २०१५ साली नायजरमध्ये ‘सी’ गटाची मोठी साथ आली. आठ हजारांहून अधिक रुग्ण, पाचशेहून अधिक मृत्यू. २०१७ साली नायजेरियात चौदा हजारांहून अधिक संशयित रुग्ण, आणि अकराशेहून अधिक मृत्यू. पुन्हा पुण्याच्याच कंपनीने पाथच्या साहाय्याने नवी लस सिद्ध केली. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवर चालणारी. २०२३ च्या जुलैमध्ये तिला जागतिक मान्यता मिळाली आणि २०२४ साली नायजेरिया ती वापरणारा पहिला देश ठरला. मात्र तिची किंमत मात्रेमागे सुमारे तीन डॉलर. पहिल्या लशीच्या कित्येक पट.

आता तराजू पुन्हा हातात घ्या. पहिल्या लशीच्या यशामुळे आजचे रुग्ण पूर्वीहून पुष्कळ कमी. नवी लस पूर्वीहून महाग. म्हणजे एक प्राण वाचवण्याचा खर्च कागदावर अनेक पटींनी वाढलेला. लशीचे हेच कोडे आहे. ती जितकी यशस्वी, तितका तिचा लाभ अदृश्य. जे मूल आजारी पडलेच नाही, त्याचा फोटो कुठल्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही. त्यातच देणाऱ्यांचे हात आखडू लागले आहेत. गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या गावी ह्या जागतिक संस्थेला आपण पैसा देणार नाही, असे २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकी शासनाने जाहीर केले. २०३० पर्यंत मेंदूज्वराचा पाडाव करण्याचा संकल्प जगातील राष्ट्रांनी २०२० साली एकत्र बसून केला होता. संकल्प करणे आणि पैसे भरणे ह्यांत अंतर असते.

अशा वेळी काय म्हणावे? पाच गटांची लस पट्ट्यातील प्रत्येक देशाने प्रत्येक वयाच्या माणसाला आजच द्यावी, असे मी म्हणणार नाही. कदाचित बाळांना ती नियमित देणे आणि जेथे साथीचा धोका मोठा त्या जिल्ह्यांत तरुणांना देणे, एवढ्यानेच पुष्कळ साधेल. गोवराची लस अजून न मिळालेले मूल त्याच गावात असेल, तर त्याचाही हक्क आहे. हा निर्णय वागाडूगू, नियामे आणि अबुजा येथील माणसांनी घ्यायचा. १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ ह्या विश्वपत्राने पूरकतेचे तत्त्व सांगितले, त्याचा अर्थ हाच : खालच्या पातळीवर जे करता येते, ते वरच्याने हिरावून घेऊ नये, पण जे त्याला एकट्याने पेलत नाही, त्यास वरच्याने हातभार लावावा. निर्णय त्यांचा, हातभार सर्वांचा. आपण आज उलटेच करतो. निर्णय जिनिव्हात आणि वॉशिंग्टनमध्ये होतात, आणि तुटीचा बोजा मात्र झोपडीवर पडतो.

वाढीव खर्च कोणाच्या नावे?

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण इतक्यांदा ऐकला आहे, की त्यातील पैशांचा उल्लेख आपल्या कानांवरून घसरून जातो. याजक आणि लेवी यांनीही त्या वाटेवर हिशेबच केला असला पाहिजे. दरोडेखोर जवळच असतील, उशीर होईल, माणूस कदाचित मेलेलाच असेल. त्यांचा हिशेब त्यांच्या दृष्टीने बरोबर आला आणि ते पुढे गेले. शोमरोनी मात्र बेहिशेबी होता काय? मुळीच नव्हे. त्याने खानावळवाल्याला दोन दिनार मोजून दिले. पुढे जे काही अधिक लागेल, त्याचीही त्याने व्यवस्था केली : ते त्याच्या नावे मांडायचे होते आणि परतताना तो फेडणार होता.

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन दिनारांत आहे. याजक, लेवी आणि शोमरोनी हे तिघेही मोजतात. फरक एवढाच, की पहिल्या दोघांच्या वहीत जखमी माणूस हा खर्चाच्या रकान्यात आहे. शोमरोन्याच्या वहीत तो खातेदार आहे. आणि तूट आली तर ती जखमी माणसाच्या नावे न पडता, ज्याच्याजवळ आहे त्याच्या नावे पडते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या ‘सोलिसितुदो रेई सोशियालिस’ ह्या विश्वपत्रात एकात्मता ही पुसट कळवळ्याची भावना नव्हे, तर सर्वांच्या हितासाठी झटण्याचा दृढ निश्चय होय, असे प्रतिपादन केले आहे. निश्चयाला वही लागते. कळवळ्याला ती लागत नाही, म्हणून तो लवकर सुकतो.

तेव्हा वाचकहो, एखादा उपचार किंवा लस ‘गरिबांना परवडत नाही’ असे वाक्य पुढच्या खेपेस कानावर येईल, मग ते आफ्रिकेविषयी असो, जव्हार-मोखाड्यातील आदिवासी पाड्याविषयी असो की आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या घराविषयी असो, तेव्हा लगेच रागावू नये आणि लगेच मानही डोलावू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. ज्याच्याविषयी हा हिशेब चालला आहे, त्याला कुणी विचारले का? न दिल्याने जो खर्च त्याच्या घरात पडतो, तो कुठे मांडला आहे का? आणि ही किंमत कोणी ठरवली, ती ह्याहून कमी का होऊ शकत नाही? ह्या तिन्हींची सरळ उत्तरे मिळूनही ‘नाही’ असेच उत्तर आले, तर ते दुःखाने स्वीकारावे. तेही विवेकाचेच काम आहे. पण ही उत्तरे न घेता आलेला ‘नाही’ हा कयफाचा ‘नाही’ असतो.

डिसेंबरमध्ये हरमॅटनचे वारे पुन्हा वाहू लागतील. बुर्किना फासोमधील एखादी आई धुळीने भरलेल्या अंगणात मूल खेळताना पाहील आणि त्याला ताप आहे का हे बघायला वारंवार त्याच्या कपाळावर हात ठेवणार नाही. एका पिढीमागे तिची आई तो ठेवीत असे. हा न ठेवलेला हात कोणत्या रकान्यात मांडायचा, हे अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावे. आपण मात्र तो विसरू नये.